पेटीवरचं फ्रॅजाइल

फोटोत कागदाच्या कात्रणांमध्ये एक सोंड पडलेली होती. नुसती सोंड. दुसऱ्या फोटोत एक कान आणि मोदक धरलेला हात शेजारी शेजारी ठेवले होते. तिसऱ्यात अख्खी मूर्ती होती, पण तिच्या मुकुटाचा चुरा झाला होता.

"काय म्हणतायत?" दामलेसाहेबांनी विचारलं.

फोटोंबरोबरचं पत्र मी वाचत होते. इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळाचं ते पत्र होतं आणि त्याचं इंग्रजी फार सभ्य होतं. सभ्य इंग्रजीत राग छान लपवता येतो, हे मला शाळेपासून माहीत आहे.

"निम्म्याहून जास्त मूर्ती फुटल्या म्हणतात. काही घरांत शेवटी तसबिरीची पूजा केली. पुढच्या वर्षासाठी आधी थोड्या मूर्ती नमुन्यादाखल मागतायत. त्या नीट पोचल्या तर बाकीची ऑर्डर. नाहीतर ते फायबरच्या मूर्ती घेणार आहेत."

"पेट्यांवर फ्रॅजाइल लिहिलं नव्हतं का?"

"लिहिलं होतं."

"मग?"

फोटो मी पाकिटात परत भरले.

आमचं, म्हणजे दामलेसाहेबांचं, ऑफिस पेणला रामवाडीत आहे, हायवेजवळ, एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. इथून पापड, लोणची, मातीची भांडी आणि गणपती परदेशी जातात. माल करणारे वेगळे, घेणारे वेगळे, आम्ही मधले. माझं काम डॉक्युमेंटेशनचं. म्हणजे मालाबरोबर जे जे कागद जावे लागतात ते तयार करायचे, आणि पेट्यांवर काय लिहायचं ते ठरवायचं. पेटीवरच्या मजकुराला आमच्या धंद्यात 'मार्क्स' म्हणतात. कोणाचा माल, कुठल्या बंदराला चाललाय, कितवी पेटी, वरची बाजू कोणती, हे सगळं त्यात येतं.

मी राहते रोह्याला. वडील तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातात. त्यांनी हट्टाने मला इंग्रजी माध्यमात घातलं आणि त्या इंग्रजीवरच ही नोकरी मिळाली. सकाळच्या एसटीने पेण, संध्याकाळच्या एसटीने परत रोहा. ऑफिसात मी फारशी बोलत नाही. या कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, की जे बोलायचं ते कागदावर आणि पेटीवर लिहून मोकळं होता येतं.

फ्रॅजाइल हे तसं रोजच्या वापरातलं विशेषण. अर्थ साधा आहे: सहज फुटणारं, नाजूक. इंग्रज लोक 'फ्रॅजाइल' म्हणतात, अमेरिकन लोक 'फ्रॅजल'. स्पेलिंगमध्ये 'जी' असला तरी उच्चार 'ज'चा. आमच्याकडे फ्रॅगाइल, फ्रागील, टेम्पोवाल्यांच्या तोंडी फर्जील, सगळं चालतं. इंग्रजीत हा शब्द तब्येतीला लावतात, नात्यांना लावतात, दोन देशांतल्या शांततेलाही लावतात. पण तो सर्वांत जास्त कुठे दिसत असेल तर खोक्यांवर. मीही तो तोवर खोक्यांवरच लिहीत आले होते आणि त्याबद्दल कधी विचार केला नव्हता.

फोटो घेऊन मी हमरापूरला गेले. नारायणभाऊंचा गणपतीचा कारखाना तिथे आहे. कारखाना म्हणजे घराच्या मागचा पत्र्याचा लांबट मांडव, त्यात फळ्यांवर ओळीने मूर्ती. नारायणभाऊ पूर्वी प्लास्टरचा कच्चा माल करायचे. म्हणजे साच्यातून गणपती काढायचे, न रंगवता, आणि व्यापाऱ्याला ट्रक भरून द्यायचे. ते काम त्यांना कधीच आवडलं नव्हतं. त्यांचे वडील शाडूच्या मातीचे गणपती हाताने घडवायचे. मंडळाची ऑर्डर शाडूच्या मूर्तींची होती, म्हणून भाऊंनी ती हौसेने घेतली आणि प्लास्टरचं काम सोडून दिलं. साचे चुलतभावाला देऊन टाकले. ही ऑर्डर गेली की शाडू गेली, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

भाऊंनी फोटो एकेक करून पाहिले. त्यांची बायको सुमनकाकी मूर्तींचे डोळे रंगवतात. आखणी म्हणतात त्याला, आणि ते शेवटचं काम असतं. काकींनी सोंडेचा फोटो पालथा करून ठेवला.

"हितून जाताना एक टवका नव्हता," भाऊ म्हणाले. "कुठं फुटतात गो?"

"वाटेत."

"वाट लांब हाय. वाटेत म्हंजे कुठं?"

मी म्हटलं, शोधते.

"आनि नमुन्याच्या पन नाय पोचल्या तर?" काकी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "साचे मागाला जावा लागंल. तो देल. पन चार लोकांसमोर देल."

भाऊ उठून बाहेर गेले. काकींनी चहा ठेवला. मी तो प्यायले आणि निघाले.

आमच्या पेट्या रोह्याला तयार होतात. गफूरमिस्त्रींचं लाकडाचं दुकान आहे. आजूबाजूच्या कंपन्यांना मशीन पाठवायला पेट्या लागतात, त्या तेच करतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी त्यांच्याकडे थांबले आणि स्टेन्सिल बघायला मागितला. स्टेन्सिल म्हणजे अक्षरं कापलेला पत्रा. तो पेटीवर धरून वरून रंगाचा बोळा फिरवला की शब्द उमटतो. पत्रा हातात घेतला तर शेवटचा 'ई' तुटून तिथे नुसतं भोक राहिलेलं. म्हणजे आमच्या पेट्यांवर स्पेलिंग चुकीचं जात होतं, आणि त्यापुढे एक लाल डाग.

"ई कुठे गेला, मिस्त्री?"

"तुटला. दोन साल झाले असतील. कोणी बोललंच नाय."

"बाकीच्यांच्या पेट्यांवरही हाच मारता?"

"हाच. पंपाच्या, मोटरच्या, पायपाच्या."

"लोखंडी पाइप फ्रॅजाइल?"

"मारलेला बरा मॅडम. न मारता कोणी भांडायला आला तर मी काय सांगू?"

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माणसाला चुकलेलं स्पेलिंग दिसलं की बाकी काही दिसेनासं होतं. मला वाटलं, सापडलं कारण. अर्धवट शब्द, मळका पत्रा, कोण लक्ष देणार. मी नवा स्टेन्सिल कापून घेतला. मोठी अक्षरं, बरोबर स्पेलिंग, बाजूला फुटक्या ग्लासचं चित्र, वरच्या दिशेचा बाण. खाली मराठीत 'नाजूक माल, सावकाश उचला'. चारही बाजूंना लाल रंगात. नमुन्याच्या मूर्ती तयार झाल्या तेव्हा पेट्यांकडे बघून दामलेसाहेब म्हणाले, "आता आंधळ्यालाही दिसेल."

तरी भाऊंचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. वाटेत म्हणजे कुठं. मी साहेबांना म्हटलं, टेम्पोबरोबर मी गोदामापर्यंत जाऊन येते.

"तू? तिथे काय आहे बघण्यासारखं? बायका जात नाहीत कोणी."

"गेटचा पास ऑफिसच्या नावाने मिळतो ना?"

साहेबांनी पासासाठी चिठ्ठी लिहून दिली.

आमचा माल थोडा असतो, त्याने अख्खा कंटेनर भरत नाही. असा थोडा थोडा माल बंदराजवळच्या गोदामांत जमा करतात आणि अनेकांचा मिळून एक कंटेनर भरतात. त्या भरण्याला स्टफिंग म्हणतात. आम्ही गेलो ते गोदाम म्हणजे एक उंच शेड होती. बाहेर टेम्पोंची रांग. उतरवणारी माणसं साखळी करून उभी होती. पहिला टेम्पोतून पेटी ढकलायचा, दुसरा झेलायचा, तिसरा फेकायचा, चौथा थप्पीला लावायचा. त्यांचा हात बसलेला होता. बघायला छान वाटावं असं ते काम होतं, फक्त त्या पेट्यांत शाडूचे गणपती होते.

पहिल्या दोन पेट्या माझ्या डोळ्यांदेखत उलट्या पडल्या. बाण जमिनीकडे.

मुकादमाचं नाव हिराजी. जवळच्याच गावचे. डोक्याला टॉवेल, कानावर पेन्सिल. मी त्यांच्यापाशी गेले.

"त्या पेट्यांवर लिहिलंय," मी म्हटलं. माझा आवाज बारीक आहे. पुन्हा सांगावं लागलं.

"काय लिवलाय?"

"फ्रॅजाइल. नाजूक. मराठीतही लिहिलंय."

"हां, ते. बाय, तिकरं बघ." त्यांनी पेन्सिलीने दाखवलं. नळाच्या तोट्यांच्या खोक्यांवर फ्रॅजाइल होतं. कापडाच्या गाठींवर होतं. ट्रॅक्टरचे सुटे भाग होते, त्यांच्यावरही होतं. एका खोक्यावर चक्क गफूरमिस्त्रींचा तुटका 'ई' होता. "समदाच नाजूक. आमी सोरून."

साखळीतले लोक हसले.

"पण माझ्या पेट्यांत खरंच नाजूक आहे."

"समदी तसाच बोलतान."

त्यात उद्धटपणा नव्हता. मागे टेम्पोंची रांग होती आणि सगळ्यांवर तोच शब्द होता. मीही त्यांच्या जागी असते तर वाचायचं केव्हाच सोडलं असतं.

तेवढ्यात एक पेटी झेलणाऱ्याच्या हातून सुटली. लोखंडी ट्रॉलीच्या कडेवर आपटली आणि तिची एक फळी निखळली. आतली कात्रणं भसकन बाहेर आली. मग फटीतून सोंड दिसली, आणि तिच्या वरचा काकींनी रंगवलेला एक डोळा.

पुढची पेटी फेकायला ज्याने हात मागे नेला होता तो तसाच थांबला. साखळीच थांबली.

"गनपती हाय?" हिराजींनी विचारलं.

"हो."

"समद्यांत?"

"सगळ्यांत."

"मंग सांगाचा नाय?"

माझ्या हातात पॅकिंग लिस्ट होती. कुठल्या पेटीत काय, याची ती यादी मीच टाइप केली होती. तिच्यात लिहिलं होतं 'हँडिक्राफ्ट्स ऑफ क्ले'. मातीच्या हस्तकलेच्या वस्तू. पेटीवरही तेच. नियमाप्रमाणे बरोबर होतं. फुटतं, सावकाश उचला, ही बाजू वर, हे सगळं आम्ही चार बाजूंनी सांगितलं होतं. काय आहे तेवढं कुठेच नव्हतं.

मग जे झालं ते मी बाजूला उभी राहून बघितलं. ज्याच्या हातून पेटी पडली होती त्याने चपला काढून कडेला ठेवल्या. टॉवेलला हात पुसले. दोघांनी मिळून ती पेटी खालून धरून उचलली, चालत नेली आणि उभी ठेवली. उरलेल्या पेट्याही तशाच गेल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. हिराजी एकाला म्हणाले, "बुडाला धर, बुडाला," एवढंच.

मला बरं वाटायला हवं होतं. पण कंटेनर दुसऱ्या दिवशी भरला जाणार होता, आणि भरणारी माणसं वेगळी असणार होती. निखळलेली फळी तोवर ठोकलेली असणार होती. त्यांच्यासाठी या पुन्हा लाल अक्षरांच्या पेट्याच. शिवाय ज्या आधीच फेकल्या गेल्या होत्या त्यांचं काय? त्यातली एक मी उघडून घेतली. एका कानाला मुळापाशी चीर होती.

गेटवरून मी ऑफिसला फोन लावला.

"माल परत आणतेय," मी म्हटलं.

"कोणाला विचारून?"

"विचारायलाच फोन केलाय. पण टेम्पोत चढवायला सांगितलंय."

"जहाज चुकेल, मानसी."

"हो. पुढच्या जहाजाने जाईल. मंडळाला फॅक्स मी लिहीन."

"आणि पुढच्या जहाजाने वेगळं काय होणार आहे?"

"ते आल्यावर सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. साहेबांचा फोन मी आधी ठेवण्याची ती पहिलीच वेळ.

सांगण्यासारखं डोक्यात होतं, पण अर्धवट. परतीच्या वाटेवर ते जुळवलं. पेटी तीन बाजूंनी बंद करायची. समोरची बाजू उघडी, फक्त दोन आडव्या पट्ट्या. मूर्ती तळाला पक्की बसवायची, मागे आणि बाजूंना फोम. धुळीसाठी पातळ पारदर्शक प्लास्टिक. उचलणाऱ्याला आत कोण आहे ते दिसलं पाहिजे.

साहेब स्वतः हमरापूरला आले. मांडवात, मूर्तींच्या फळीखाली आम्ही बसलो. मी गोदामात काय पाहिलं ते सांगितलं आणि मग पेटीचं सांगितलं. इतकं सलग मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते.

"उघड्या पेटीला इन्शुरन्सवाला दारात उभं करणार नाही," साहेब म्हणाले. "खारी हवा, धूळ. कोणी हात घालून काही काढलं तर?"

"फुटून पोचल्यापेक्षा बरं."

"ते तू म्हणतेस. लिहून देशील?"

"देईन."

नारायणभाऊंची अडचण वेगळी होती. ते मातीचा एक गोळा हातात फिरवत होते. "बसवल्याबिगर तो देव नाय. तवर मातीच हाय. त्या मानसांना आपन देव म्हनून दाखवाचा आनि काम करून घ्याचा. बराबर हाय का?"

उत्तर काकींनी दिलं.

"लोक आपल्या दारातून डोक्याव पाट घिऊन जातान, तवा माती नेतान काय?"

भाऊ हसले. पण काकींचं संपलं नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. "त्या पेटीचा मला नाय पटत पन. तोंड उगडा ठेवून धाडाचा? कारखान्यातून गनपती निगतो तो तोंडाव रुमाल टाकून. घरी जाऊन बसल्याव रुमाल काराचा. बंद पेटीत मी काय बोलले नाय, पेटीच रुमाल. उगड्या पेटीत नाय धाडू देनार."

साहेबांनी हात झटकले. झालं, म्हणाले, इथेच संपलं.

मला मात्र आमच्या रोह्यातली गल्ली आठवली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी समोरून कोणी पाट घेऊन येताना दिसलं, पाटावर आकार दिसला आणि त्याच्या तोंडावर रुमाल दिसला, की सायकलवाले बाजूला होतात. रिक्षा थांबते. फळीवर ठेवलेला गणपती विकायचा असू शकतो, शोभेचा असू शकतो. रुमाल टाकलेला गणपती कोणाच्या तरी घरी निघालेला असतो. इथल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही.

"काकी, रुमाल टाकूनच पाठवू," मी म्हटलं. "उलट रुमालच हवा."

"आनि तिकरच्यांनी कारला तर मदीच?"

"वरून प्लास्टिक असेल. घरी पोचल्यावरच काढा, असं पत्रात लिहिते."

काकींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "लाल रुमाल घ्या. पांढरा मळतो."

साहेबांनी माझ्याकडून खरंच लिहून घेतलं, की पेटीचा हा प्रकार माझ्या सूचनेवरून. मी सही केली. मूर्ती फुटल्या असत्या तर भाऊ साचे मागायला गेले असते आणि मी दुसरी नोकरी शोधायला. दोघांना एकाच फॅक्सची वाट बघायची होती.

गफूरमिस्त्रींनी पहिली पेटी करून लांबून पाहिली. "ही पेटी नाय राहिली मॅडम. मखर झालं." मग विचारलं, "नवा पत्रा मारायचा का?"

"कोपऱ्यात मारा. छोटा. नियम आहे."

पुढच्या जहाजाच्या वेळी मी पुन्हा गोदामात गेले. या वेळी मुद्दाम लांब उभी राहिले, हिराजींनाही भेटले नाही. टेम्पोचा मागचा फाळका खाली पडला. आत ओळीने लाल रुमाल. वर चढलेला माणूस एकदम खाली वाकला आणि पहिली पेटी बुडाला हात घालून त्याने पुढे दिली. साखळीतली माणसं जवळ जवळ सरकली. पेटी हातातून हातात गेली, एकदाही हवेत गेली नाही.

"कोनाचं रं गनपती?" कोणीतरी विचारलं.

"बोटीनं चाललान, इंग्लंडला."

"येवड्या लांब? मंग आतापासूनच निगाला पायजे."

दुसऱ्या दिवशी स्टफिंगलाही मी थांबले. ती टोळी दुसरी होती, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी बाकीचा सगळा माल आधी आत लावला आणि आमच्या पेट्या शेवटी, सगळ्यांच्या वर, दोरीने बांधून. वर काही येणार नाही अशा. कुंपणावरची जास्वंदीची फुलं कोणी आणली ते मला दिसलं नाही, पण दोन पट्ट्यांमध्ये ती खोचलेली होती. गोदामाच्या मॅनेजरने नंतर साहेबांना फोन करून तक्रार केली, की तुमच्या मालाला फार वेळ लागतो. साहेबांनी मला ती तक्रार अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितली.

मग वाट बघणं. नारायणभाऊ मधूनमधून रामवाडीला काही कामाने यायचे. काम काय ते सांगायचे नाहीत. वर येऊन पाणी प्यायचे, फॅक्स मशीनकडे बघायचे आणि जायचे. त्या दिवसांत मीही त्या मशीनच्या आवाजाला दचकायचे.

फॅक्स आला तेव्हा ते नव्हते. सगळ्या मूर्ती शाबूत होत्या. एका उंदराची शेपटी तुटली होती, ती मंडळाच्या सेक्रेटरीच्या हातून, पेटी उघडताना. त्यांनी ते प्रामाणिकपणे कळवलं होतं. पलीकडच्या बंदरावर तर माणूस पेटीला हात लावत नाही, फोर्कलिफ्ट उचलते आणि तिला गणपती कळत नाही. पण पेट्या सगळ्यांत वर आणि बांधलेल्या होत्या, म्हणून त्या तिथेही वाचल्या. फॅक्सच्या शेवटी बाकीची ऑर्डर होती.

मी हमरापूरला गेले. भाऊ मांडवाच्या टोकाला माती मळत होते. मी फॅक्स वाचून दाखवला. इंग्रजीतून मराठी करताना मी शेपटीचंही सांगितलं.

"शेपूट मी वेगळी करून देतो," ते म्हणाले. "पुढल्या पेटीत घाल." आणि पुन्हा मळायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी आत हाक मारली, "सुमन, माती वाढवाला पायजे."

काकी दारात आल्या. "साचे?"

"ऱ्हाऊ दे त्याच्याकरंच."

पावसाच्या आत सगळा माल गेला. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण गोष्ट धंद्यात पसरते. एका लोणचेवाल्याने साहेबांना विचारलं, आमच्याही बरण्या फुटतात, काय युक्ती केलीत? साहेबांनी एका दुपारी मला बोलावलं. टेबलावर गणपतीचे स्टिकर होते, रंगीत, तळहाताएवढे.

"सगळ्या पेट्यांवर हेच लावू. छापायला सोपं. गफूरकडे देऊन टाक, तो सगळ्यांच्या पेट्यांवर लावेल."

"नको, साहेब."

मी 'नको' म्हटलं याचं मलाच नवल वाटलं. साहेब खुर्चीत मागे टेकले. "का?"

"लोणच्याच्या पेटीवर लागेल, मग तोट्यांच्या पेटीवर लागेल. मग पाइपवर. पुढच्या वर्षी हिराजी मला म्हणतील, समद्यांवरच गनपती हाय. आणि त्या दिवशी नारायणभाऊंच्या पेट्या पुन्हा फेकल्या जातील."

साहेब बराच वेळ स्टिकरची कडा नखाने उचलत बसले. "मग लोणचेवाल्याला काय सांगू?"

"बरण्या दिसतील अशा पेट्या करू. काचेची बरणी दिसली तर कोण फेकेल?"

स्टिकर त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकले. फेकून दिलेत की नाही, मी विचारलेलं नाही. पण पेट्यांवर अजून आलेले नाहीत. लोणचेवाल्याच्या बरण्या आता जाळीच्या पेट्यांत जातात आणि फुटायच्या पूर्ण थांबल्या नसल्या तरी पुष्कळ कमी झाल्यात.

व्याकरणात विशेषण नामाच्या आधी येतं, इंग्रजीतही आणि मराठीतही. गोदामात ते नंतर येतं. उचलणाऱ्याला वस्तू दिसली की ती नाजूक आहे हे तो स्वतःच ठरवतो, आणि त्याने ठरवलेलं आपण लिहिलेल्यापेक्षा जास्त टिकतं. फ्रॅजाइल मी अजूनही प्रत्येक पेटीवर मारून घेते, बरोबर स्पेलिंगसकट. इन्शुरन्सवाला ते वाचतो.